चालता उंदीर

गोदामावर त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि मामांना त्याचा राग नव्हता. "एकतीस वर्षं एकाच जनावराच्या मागे काढली की त्याचं नाव चिकटायचंच," ते म्हणत. "हत्तीच्या मागे काढली असती तर हत्तीमामा झालो असतो. मग तुम्हीच वाकून नमस्कार केला असता."

धान्याची तीन लांबच लांब गोदामे होती, पत्र्याच्या छपरांची. पोत्यांच्या थप्प्या हमालांच्या, वजनकाटा काटेवाल्याचा, चाव्या साहेबांच्या. पण थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये जी हातभर गल्ली सोडलेली असते, ती मामांची. तिथे ते रोज सकाळी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसत आणि भिंत वाचत. उंदीर ठरल्या वाटेनेच जातो, आणि त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने भिंतीच्या तळाशी काळपट रेघ उठते. रेघ चकाकत असली तर वाट चालू. तिच्यावर धूळ बसली तर बंद. लेंडी पाहून ते उंदराचे वय सांगत, आणि कुरतडलेल्या पोत्याच्या सुतळीवरून तो घाईत होता की निवांत, हेही सांगत. हमाल हसत. मामा हसू देत.

त्यांच्याकडे तारेचे चाळीस पिंजरे होते. एका पिंजऱ्यात उंदीर सापडला की तो पिंजरा काही दिवस बाद, कारण आत भीतीचा वास राहतो आणि दुसरा उंदीर फिरकत नाही. मामा असे पिंजरे वाळल्या गवताच्या धुरावर धरत, उन्हात टाकत, आणि मग भाजलेला शेंगदाणा चिमट्याने लावत. हाताचा वास लागता कामा नये. विष त्यांना आवडत नसे. फारच उच्छाद झाला तर कोठीतली काळी पूड काढायची, पिठात कालवायची. पण त्या पुडीचा एक गुण होता. ती खाल्लेला उंदीर फार लांब जात नसे. तिथेच आसपास आडवा होई. म्हणून मामांच्या उस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते की पडलेला उंदीर खोल पुरायचा, आणि चालता उंदीर निर्धास्त धरायचा. पायांत बळ आहे म्हणजे पोटात विष नाही. एकतीस वर्षांत हे एकदाही खोटे ठरले नव्हते. असे कधीच न फसलेले शिक्षण माणसाच्या अंगात इतके मुरते की ते आपण कुणाकडून शिकलो होतो, हेही तो विसरतो.

गोदामाच्या मागे मोठे मोकळे रान होते, खुरट्या गवताचे, आणि रानाच्या पलीकडच्या कडेला कामगारांच्या खोल्या. शेवटची खोली मामांची. तिथे मामी होत्या.

मामींना दोन वर्षांपूर्वी झटका आला. डावे अंग गेले. पाय थोडा परत आला, हात आला नाही. व्यायाम शिकवणारी बाई घरी येऊन गेली. गुंडाळलेले फडके डाव्या मुठीत धरायचे आणि दाबायचे, दिवसातून शंभर वेळा. मामींनी एकदाही दाबले नाही. "कशासाठी दाबू?" त्या म्हणत. खाट भिंतीला लावलेली होती आणि मामी भिंतीकडे तोंड करून पडत. माणूस भिंतीत काय बघतो हे, भिंती वाचण्यात जन्म गेलेल्या मामांनाही वाचता आले नाही.

मग कापशी आला.

कापशी म्हणजे कापशी घार. नाव घारीचे, पण अंगाने लहान, कबुतराएवढी. पोट कापसासारखे पांढरेशुभ्र, पाठ राखाडी, खांद्यावर काळा डाग, आणि डोळे निखाऱ्यासारखे लाल. मामांनी त्याला पहिल्यांदा वजनकाट्याच्या खोपटाजवळच्या विजेच्या तारेवर पाहिले. मग तो रानावर गेला आणि हवेत एका जागी थांबला. पंख फडफडत होते, डोके मात्र खिळा ठोकल्यासारखे स्थिर. खाली काय दिसले कुणास ठाऊक. त्याने पंख पाठीवर उंच उचलून धरले, पाय खाली सोडले आणि जिना उतरावा तसा एकेक टप्पा खाली आला. शेवटच्या पायरीवरून मात्र दगडासारखा पडला. वर आला तेव्हा पायात उंदीर होता.

मामा कितीतरी वेळ तोंड उघडे टाकून उभे होते.

"काय हो मामा," काटेवाला म्हणाला, "तुमच्या जागेवर नवी भरती झाली वाटतं."

"होऊ दे. पिंजरा नाही, शेंगदाणा नाही. याला म्हणतात कारागीर."

त्या दिवसापासून मामांनी एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी काम आटोपले की पकडलेल्यांतला एक लहानसा उंदीर पिंजऱ्यासकट रानात न्यायचा, दार उघडायचे आणि दहा पावले मागे सरायचे. कापशी तारेवर वाट बघत असे. उंदराला पळायला पुरते रान होते, कापशीला पडायला पुरते आभाळ. कधी उंदीर जिंके. मामा त्यालाही वाहवा देत. मग घरी जाऊन ते मामींच्या पाठीला सगळे सांगत: कुठून आला, कसा वळला, कुठे चुकला. पाठ काही बोलत नसे.

एका सकाळी पाठ बोलली. "अहो, ती शिट्टी कोण घालतंय?"

खिडकीबाहेर बाभळीवर कापशी बसला होता आणि त्याची मादी काटक्या रचत होती.

"खाट फिरवा," मामी म्हणाल्या.

मामांनी खाट फिरवली. जड खाट, एकट्याने ओढली, पाठीत उसण भरली, पण फिरवली. दोन वर्षे एका जागी उभ्या असलेल्या पायांच्या चार खळग्या फरशीवर उघड्या पडल्या.

त्यानंतरचे दिवस मामांच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मामींनी नराला जावई केले आणि मादीला बाळंतीण. त्यांना स्वतःला मूल नव्हते, तेव्हा लेक नाही आणि जावईही नाही. इतक्या उशिरा दोन्ही एकदमच घरी आले. मादी अंड्यांवरून उठत नसे. जावई गोदामाकडून उंदीर घेऊन येई, फांदीवर बसून बारीक शिट्टी घाली, मादी येऊन घास घेई आणि परत घरट्यात. मामी आभाळावर नजर लावून असत. आणि एके दिवशी मामा घरी आले तर मामींच्या डाव्या हातात ते फडके होते.

"जावई एकदा आला की दहा वेळा दाबायचं," त्या म्हणाल्या. "तो एवढं लांबून आणतोय, मी एवढं तरी करावं."

"आज किती वेळा आला?"

"चार. चाळीस झाले."

मामा बाहेर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

शेजारची शिंपीण दुपारी मामींना जेवू घालायला येई. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. ती म्हणायची, "मामी, तुमच्या जावयाला आमचंही घर दाखवा की. आमचा नवरा झुरळाला भितो."

"आमचा जावई झुरळं खात नाही. खानदानी आहे."

"हो ना, सासऱ्याच्या गोदामावर ताव मारतो, खानदानी!"

मामी हसल्या की तोंड एकाच बाजूने हसे. पण हसे.

घरट्यातून तीन पिल्लांची डोकी दिसायला लागली, त्याच आठवड्यात साहेबांनी मामांना बोलावले. टेबलावर एक पांढरी बादली होती. आत निळ्या वड्या, मेणासारख्या, साबणाएवढ्या.

"मामा, वरून आल्या आहेत. आता पिंजऱ्यांचा खटाटोप बंद. दर दहा पावलांवर एक वडी ठेवायची, संपली की दुसरी."

"साहेब, पिंजरे चांगले चाललेत."

"चाळीस पिंजरे आणि हजार उंदीर. गणित मी सांगू का तुम्ही सांगता?" साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत असत एवढेच. "पिंजरे भंगारात दिले आहेत. दुपारी गाडी येईल."

मामांनी पिंजरे स्वतः गाडीत चढवले. काही पिंजऱ्यांना अजून धुराचा वास होता.

त्यांच्या जिवाला पहिली काळजी लागली ती कापशीची. विषाने उंदीर जागच्या जागी पडणार, बिळात मरणार, मग जावई धरणार काय? तीन पिल्लांचे घर. मामींचे फडके. त्यांनी वड्या ठेवल्या आणि सकाळी पडलेले उंदीर मोजायला गेले. एकही नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. वड्या तर कुरतडलेल्या. मामांना बरे वाटले. "या वड्यांत काही दम नाही," त्यांनी काटेवाल्याला सांगितले. "उंदरांना नाश्ता मिळतोय फुकट."

पाच-सहा दिवस गेले आणि उंदीर उजेडात यायला लागले. दिवसाढवळ्या, रानात, भिंतीच्या कडेला, सावकाश चालत. पळत नव्हते. मामांनी असे कधी पाहिले नव्हते. पण ते चालत होते, आणि चालतोय म्हणजे पोटात विष नाही. मामांनी स्वतःची समजूत घातली की पिंजरे गेल्यामुळे उंदीर माजले, निर्धास्त झाले. कापशीला आता हवेत थांबावेही लागत नव्हते. तारेवरून नुसता उतरायचा आणि उचलायचा. मामांना त्या शिकारीत मजा येईनाशी झाली, पण पिल्लांचा विचार करून ते गप्प बसले.

नुसते गप्प बसले असते तरी एक वेळ चालले असते. मामांनी हात लावला. भिंतीशी एखादा सुस्त लहान उंदीर दिसला की ते चिमट्याने शेपटीला धरत, रानात नेत आणि तारेखाली ठेवत. सकाळी दोन, संध्याकाळी तीन. "घे बाबा, बाळंतिणीचं घर आहे," असे म्हणत. कापशीला त्यांची ओळख झाली होती. मामा दूर व्हायच्या आत तो उतरत असे.

आणि घरी मामी मोजत होत्या. दिवसाला सहा, सात, एकदा तर नऊ. नव्वद वेळा फडके दाबले गेले. आधी अंगठ्यात जोर आला, मग करंगळीत. एका संध्याकाळी मामींनी मामांचे बोट मुठीत धरले आणि दाबले. फार नाही, पाखराने फांदी धरावी तितकेच.

"कळलं का?" त्यांनी विचारले.

"कळलं," मामा म्हणाले.

"पिल्लं उडाली की पेला या हाताने उचलणार आहे मी. शिंपिणीला सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशीही मामा पाच उंदीर ठेवून आले.

आधी सगळ्यात धाकटे पिल्लू दिसेनासे झाले. मामी म्हणाल्या, "दोघं दांडगी आहेत, त्याला घासच मिळू देत नव्हती." दोन दिवसांनी दुसऱ्याने घरट्याच्या काठावर मान टाकली, ती उचललीच नाही. मादी त्याच्या तोंडाशी मांसाचा तुकडा नेई, थांबे, पुन्हा नेई. मामींनी हे सकाळपासून दुपारपर्यंत पाहिले. शिंपिणीने खिडकी लावून घ्यायला हात पुढे केला, तर मामी म्हणाल्या, "खबरदार."

तिसरे गेले तेव्हा मामा घरी होते. मादी तरीही घरट्यात बसून राहिली, पंख दोन्ही बाजूंना सैल सोडून. जावई आला, शिट्टी घातली. ती उठली नाही. त्याने पुन्हा शिट्टी घातली. मग उंदीर फांदीवर तसाच ठेवून तो गोदामाकडे उडाला, जणू आणखी आणला की सगळे ठीक होईल. मामींच्या हातात फडके होते. त्यांनी दहा वेळा दाबले.

सकाळी मादी बाभळीच्या बुंध्याशी पडलेली होती.

"काहीतरी साथ आली असेल पाखरांत," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे पाहिले. "अहो, उंदीर इतके कसे सापडायला लागले हो त्याला? आधी चार मिळायची मारामार होती."

"माजलेत," मामा म्हणाले, आणि कामावर गेले. चालता चालता तो प्रश्न त्यांच्या चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

जावई त्यांना वजनकाट्याच्या खोपटामागे सापडला. जमिनीवर बसला होता, आणि जमिनीवर बसलेला कापशी मामांनी पाहिला नव्हता. जवळ गेले तरी उडाला नाही. उचलला तर हातात काही वजनच नाही. पायाला बाभळीच्या काट्याचा जेमतेम ओरखडा होता, पोराच्या गुडघ्याला होतो तेवढा. पण त्यातून रक्त येत होते. पातळ, पाण्यासारखे. मामांनी रुमालाने दाबून धरले. रुमाल भिजला. दुसरी घडी घातली, तीही भिजली. रक्त थांबायचे विसरूनच गेले होते. लाल डोळे मामांकडे बघत होते, त्यात राग नव्हता, ओळख होती. मामांना वाटले, चोच मारावी याने, बोटाचा लचका तोडावा. त्याने मान त्यांच्या मनगटावर टेकवली. थोड्या वेळाने डोळ्यांवर पांढरा पडदा आला.

त्याला रुमालात गुंडाळून मामा तसेच साहेबांच्या खोलीत गेले. बादलीच्या झाकणाखाली एक घडी घातलेला कागद होता, पहिल्या दिवसापासून तिथेच होता, कुणी उघडला नव्हता. अक्षर मुंगीएवढे. तिथेच बसलेल्या काटेवाल्याने चष्मा लावून वाचून दाखवले. विषाने रक्त गोठणे बंद होते. खाल्ल्यावर उंदीर चार ते सात दिवस जिवंत राहतो, हिंडतो-फिरतो, आणि शेवटी सुस्त होऊन उजेडात येतो. असे उंदीर रोज गोळा करून पुरावेत. ते मांजरांच्या, कुत्र्यांच्या, शिकारी पक्ष्यांच्या तोंडी पडू देऊ नयेत.

"पुन्हा वाच," मामा म्हणाले.

काटेवाल्याने पुन्हा वाचले. या वेळी त्याचा आवाज बसला होता, कारण रुमालात काय आहे ते त्याने पाहिले होते, आणि रोज पाच उंदीर तारेखाली कोण ठेवत होते तेही त्याला माहीत होते.

"मामा, तुम्हाला काय माहीत? जुनी पूड अशी नव्हती."

"एकतीस वर्षं, काटेवाले," मामा म्हणाले. "एकतीस वर्षांत एक कागद वाचायचा होता मला."

साहेब आत आले. त्यांनी रुमालाकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. मामा म्हणाले, "साहेब, पिंजरे परत आणा. मी घरून शेंगदाणे आणीन."

"मामा, पिंजरे केव्हाच वितळले असतील. आणि गोदामात उंदीर कमी झाले की नाही? झाले ना? मग." साहेबांचा आवाज मऊ होता. "वाईट झालं. पण उद्या तिसऱ्या गोदामात वड्या ठेवा. सुस्त उंदीर दिसले तर पुरत चला, झालं."

मामांच्या डोळ्यांपुढून खोली गेली, खाट गेली, ती खिडकी गेली. खोली गोदामाचीच होती; नोकरीबरोबर तीही गेली असती.

"बरं साहेब," ते म्हणाले.

त्यांनी जावयाला रानात पुरले, कोपरभर खोल, उस्तादाने सांगितले होते तसे.

संध्याकाळी मामी उशीला टेकून बसल्या होत्या. समोर रिकामे आभाळ, मांडीवर फडके.

"आज एकदाही आला नाही," त्या म्हणाल्या.

मामांनी खोटे बोलायची वाक्ये वाटेत जुळवून आणली होती. जोडीदारीण गेली, म्हणून तो दुसरीकडे गेला. लांबच्या रानात सुखात आहे. ऋतू बदलला की परत येईल. मामींना ती पुरली असती, निदान फडक्यापुरती. मामा खाटेच्या कडेला बसले, त्यांनी मामींचा डावा हात आपल्या हातात घेतला, आणि त्या हाताची ऊब लागली तेव्हा एकही वाक्य तोंडातून निघेना. त्यांनी सगळे सांगितले. बादली, वड्या, चार ते सात दिवस. चिमटा. तारेखालची जागा. सकाळी दोन, संध्याकाळी तीन.

शेजारी शिंपिणीचे यंत्र चालू होते, ते थांबले, पुन्हा सुरू झाले.

"म्हणजे तुम्ही ठेवत होता."

"हो."

"आणि मी मोजत होते." त्या बाभळीकडे बघत होत्या. "नऊ झाले त्या दिवशी किती खूश झाले होते मी. शिंपिणीला हाक मारून सांगितलं."

"मला माहीत नव्हतं गं."

"ते कळतंय मला," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागाचा कणही नव्हता. राग असता तर मामा त्याला धरून कुठेतरी उभे राहू शकले असते.

मग मामांच्या हातात काहीतरी हलले. मामांना आधी कळलेच नाही. डावा हात, दोन वर्षे ओल्या कपड्यासारखा पडून राहिलेला, हळूहळू आकसला; बोटे एकेक करून सुटली, मनगट वळले, आणि तो हात मामांच्या तळव्यातून निघून, चादरीवरून घसरत, मामींच्या कुशीशी जाऊन थांबला. कुणी न उचलता तो जागचा हलण्याची ही पहिलीच वेळ. मामांचा तळवा उघडाच राहिला.

फडके खाली पडले होते. ते उचलून त्यांनी उशाशी ठेवले. मामींनी त्याकडे पाहिले नाही.

"खाट फिरवा," त्या म्हणाल्या.

"उद्या फिरवू. आता दमली आहेस."

"फिरवा, अहो."

मामा उठले. मामींचा पदर खाटेच्या पायात अडकणार नाही असा त्यांनी सारखा केला, उशी सावरली, आणि पाठीतली उसण सांभाळत खाट भिंतीकडे ओढली. फार जोर लावावा लागला नाही. चारही पाय फरशीवरच्या जुन्या खळग्यांत बरोबर जाऊन बसले.